उन्हाची कोठडी

३ सप्टेंबर, सोमवार

मास्तर,

आता तुम्हाला 'माननीय' लिहायचं असतं, असं आमच्या कचेरीतल्या कारकुनाने बजावून सांगितलं होतं. लिहितो की, म्हटलं. पण कागद पुढे ओढला आणि हाताने आपलं 'मास्तर'च लिहिलं. या हाताला वळण तुम्ही लावलंत, तेव्हा चूक तुमची.

गृहमंत्री झाल्याची बातमी मी स्वतः वाचली. कुणाकडून वाचून घेतली नाही. ओळीखाली बोट धरून, चहा गार होईपर्यंत वाचत बसलो. फोटोत चष्मा नवा दिसतो. जुन्याची काडी मी दोऱ्याने बांधून दिली होती, ती सुटली असेल.

तुम्ही गजांच्या आत, मी बाहेर, आणि तुम्ही म्हणायचात, "जमादार, एक दिवस सरकार आपलं येईल. त्या दिवशी त्याला तुम्ही स्वतःच्या हाताने पत्र लिहायचं." मी साधा शिपाई, तुम्ही जमादार म्हणायचात आणि मी फुगायचो. तर सरकार आलं, आणि हे पत्र.

इकडची हकीकत अशी. दरवाजावरचा झेंडा बदलला. गोरा जेलर गेला, त्याच्या खुर्चीवर त्याचा दुय्यम बसला आणि खुर्चीला दोन उशा लावल्या. आमच्या कोटाची मुकुटाची बटणं काढून नवी लावायचा हुकूम आला. नवी बटणं काजांपेक्षा मोठी निघाली. त्यामुळे स्वतंत्र देशाचे आम्ही शिपाई सध्या छाती उघडी टाकून फिरतोय. कुलपं तीच, किल्ल्या त्याच.

तुमची आठ कोठड्यांची रांग रिकामी आहे. मी झाडून घेतली. तुमच्या तिसरीत सकाळचं ऊन अजून त्याच दगडावर पडतं. आठवतं का, मडक्यात बोट बुडवून तुम्ही फरशीवर अक्षर काढायचात आणि मला ते लागेपर्यंत उन्हाने वाळून जायचं. मग तुम्ही वीतभर सावलीत सरकून तेच पुन्हा काढायचात. पालथ्या घड्यावर पाणी ओततोय असं तुम्हाला कितीदा वाटलं असेल. पण कधी रागावला नाहीत.

पोरगा अजून मामाकडेच आहे. त्याच छापखान्यात छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवतो. तुम्ही उपास धरला होतात आणि मी तुमच्या दाराला कुलूप घालत होतो, त्या आठवड्यात तो घर सोडून गेला, हे तुम्हाला सांगितलंच होतं. देशाच्या माणसांना कोंडणाऱ्याच्या घरचं पाणी नको, म्हणाला. आता त्याला निरोप धाडलाय, की राज्य आपलं झालं, आता तरी ये. त्याची आई असती तर कान धरून आणला असता. माझ्याच्याने ते होत नाही.

तुमचा,
जमादार (अजून शिपाईच)

२० मे, शुक्रवार

मास्तर,

या तीन-चार वर्षांत उत्तर आलं नाही म्हणून राग नाही. राज्य चालवायचं म्हणजे खायचं काम नाही, एवढं मला कळतं.

एक गोष्ट कानावर घालायची आहे. तुमची रांग आता कायमची रिकामी राहील, अशा समजुतीने मी तिथे झाडू आणि बादल्या ठेवायला लागलो होतो. गेल्या महिन्यात त्या बाहेर काढाव्या लागल्या. आठांपैकी सहा कोठड्या भरल्या. सगळे तुम्हाला ज्या कायद्याखाली आणलं त्याच कायद्याखाली आलेत. आरोप नाही, कोर्ट नाही, तीन महिन्यांनी मुदत वाढते. कागदावरची मुद्रा तेवढी नवी आहे.

त्यात छापखान्यातला एक पोरगा आहे. निवडणूक वर्षात घेऊ, असं सरकार म्हणालं होतं. मग याद्या तयार नाहीत म्हणून पुढे ढकलली, आणि मग आणखी एकदा. तेव्हा याने रात्रपाळीला चुपचाप कागद छापले. त्यावर दोनच शब्द होते, 'मत कधी?' शहरभर भिंतींवर डकवले. एक म्हणे तुमच्या कचेरीच्या फाटकावरही होता.

पोराच्या छातीत कफ आहे. खिळ्यांच्या शिशाने होतो म्हणतात. म्हणून मी त्याला तिसरीत ठेवलंय. बाकीच्या कोठड्यांना उजेड नाही, आणि सहावी-सातवीच्या मागे तर पाण्याची टाकी आहे, ते दगड बारा महिने घाम गाळतात, हे तुम्हाला मी काय सांगणार.

त्याच्या हुकुमावरची सही मी वाचली. शेवटच्या अक्षराला तुम्ही शेपूट काढता, ते तसंच आहे. वाचायला तुम्ही शिकवलंत म्हणून वाचता आली, नाहीतर कुणाची का असेना, माझ्या दृष्टीने तो शाईचा डाग होता. तुम्ही प्रत्येक कागद वाचून सही केलीत असं मी म्हणत नाही. एवढे कागद कोण वाचतो. पण हा एक वाचा.

तुमचा,
जमादार

९ जुलै, शनिवार

मास्तर,

हे पत्र कचेरीच्या पत्त्यावर न धाडता तुमच्या घरच्या पत्त्यावर धाडतोय. वाचून झालं की फाडून टाका.

मागच्या पत्रात मी 'छापखान्यातला एक पोरगा' लिहिलं. कचेरीत चार जण पत्र उघडत असतील म्हणून आडून लिहिलं. तुम्हाला कळेल असं वाटलं होतं. तो माझा मुलगा आहे.

नातेवाईक आत असला तर शिपायाला त्या रांगेवर ठेवत नाहीत, लांब बदली करतात. त्याच्या कागदांवर मामाचा पत्ता आहे, म्हणून इथे कुणाला पत्ता नाही. रोज संध्याकाळी माझ्या पोराला मी मोजतो, आत ढकलतो आणि कुलूप लावतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच असावा.

पहिल्या दिवशी त्याने मला पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "शिपाई, पाणी." इतक्या वर्षांनी माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द. मी पाणी आणलं. इतर कैदी अंगणात फिरायला गेले तेव्हा गजांशी येऊन म्हणाला, "बाबा, किती वाळलात तुम्ही. जेवता की नाही?"  किल्ल्यांचा जुडगा पुसत उभा राहिलो.

आता रोज थोडं बोलतो. घर सोडताना बोलला त्याचं त्याला वाईट वाटतं, असं त्याने म्हटलं नाही, पण माझ्या कोटाच्या बटणांची काजं त्याने गजांतून हात घालून, मीच दिलेल्या ब्लेडने मोठी करून दिली. आईसारखाच आहे, तोंडाने काही सांगायचा नाही.

तुम्हाला पत्रं लिहितो हे त्याला सांगितलं. तो हसला.

"मास्तरांना? बाबा, मला आत त्यांनीच ठेवलंय."

"त्यांना माहीत नसेल."

"साहेबाच्या वेळीही तुम्ही हेच म्हणायचात. वरच्या साहेबाला माहीत नसेल."

हे मला लागलं. पण तसं म्हणायचो खरं.

परवा थुंकीत रक्त आलं. तुरुंगाचा डॉक्टर घसा बघून गुळण्या करा म्हणाला. छाती त्याने उघडून पाहिलीच नाही. मास्तर, त्याला सोडा असं मी म्हणत नाही. त्याने गुन्हा केला असेल तर कोर्टात उभा करा, काय शिक्षा व्हायची ती होऊ दे. नाहीतर मोठ्या दवाखान्यात धाडा. तुम्ही आत होतात तेव्हा कोर्ट मागत होतात. मी त्याहून जास्त काही मागत नाही.

तुमचा,
जमादार

१६ ऑक्टोबर, रविवार

मास्तर,

तुम्ही येऊन गेलात त्याला चार दिवस झाले. त्या दिवशी जे झालं त्याबद्दल माझ्याकडून खुलासा द्यायला हवा.

नवे जेलरसाहेब बाहेरून बदलून आलेत. त्यांनी मला बोलावून विचारलं, "तुम्ही इथले सगळ्यात जुने. मंत्रीसाहेबांची कोठडी कुठली? संगमरवरी पाटी लावायची आहे, ती कोठडी स्मारक म्हणून रिकामी ठेवायची आहे." बाहेरून आठही दारं सारखीच. मी म्हटलं, "सातवी." रजेसाठी सासूबाईंना दोनदा आजारी पाडलं तेवढं सोडलं, तर वरिष्ठाशी मी कधी खोटं बोललो नव्हतो. पण तिसरी म्हटलं असतं तर पोराला तिथून काढलं असतं. त्याला तिथे सकाळी दोन तास ऊन मिळतं. त्यावरच तो तगून आहे.

सातवीला चुना लावला. तो वाळेना. तसल्या ओल्या भिंतीवरच पाटी ठोकली. बाकीच्या कोठड्यांसमोर कापड ताणलं, म्हणजे तुम्हाला कैदी दिसू नयेत. गप्प बसायचं, असा त्यांना दम भरला होता.

तुम्ही केवढे थकलेले दिसलात. मला पाहून हसलात आणि खांद्यावर हात ठेवलात, तेव्हा वाटलं, पत्रं पोचली आहेत.

भाषण चांगलं झालं. 'याच दगडावर मी पाण्याने अक्षरं काढली आणि एका शिपायाचा माणूस केला,' असं म्हणालात. माणूस मी आधीही होतो मास्तर, पण भाषणात चालतं. मधेच कापडामागून खोकला आला. थांबेना. तेव्हा जेलरसाहेब स्वतःच खोकायला लागले, जणू मघापासून तेच खोकत होते.

मग फोटोवाल्याने विनंती केली आणि तुम्ही पाण्याचा पेला मागवलात. उकिडवे बसलात, बोट बुडवलंत आणि फरशीवर अक्षर काढलंत. दगड आधीच ओला होता. काही उमटलं नाही. तुम्ही बोट दाबून पुन्हा काढलंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना मागून काय दिसणार. तुम्ही मात्र तसेच बसून राहिलात. वर झरोका शोधलात, तो सातवीला नाहीच. मग गर्दीत मला शोधलंत आणि हलक्या आवाजात म्हणालात,

"जमादार, माझी कोठडी ही नव्हे."

"नाही, मास्तर."

"मग कुठली?"

"तिसरी. ऊन येतं ती."

"मग तिथे का नाही नेलंत मला?"

"तिथे माझा मुलगा आहे."

तुमचं बोट ओलं होतं. तुम्ही ते रुमालाला पुसलंत, सावकाश, आणि पुसून झाल्यावरही पुसत राहिलात. कशासाठी आत आहे, असं विचारलंत. म्हणजे पत्रं पोचली नव्हती. की पोचली होती? मी म्हटलं, "'मत कधी' असं विचारलं म्हणून." तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलंत. तुमचे डोळे भरले होते, हे मी कुणीही विचारलं तरी शपथेवर सांगेन. मग तुम्ही म्हणालात, "बघतो."

जाताना मोटारीपाशी तुम्ही सचिवांना काहीतरी सांगितलंत आणि त्यांनी ते लिहून घेतलं. काय ते ऐकू आलं नाही, पण लिहून घेताना मी पाहिलं.

पोराला सांगितलं. म्हटलं, त्यांनी स्वतः विचारलं, स्वतः बघतो म्हणाले, लिहून घेतलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माणूस चांगला आहे, बाबा. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं." आणि मग विचारलं, "सुटलो तर घरी जागा आहे का? मामाकडे आता सहा माणसं झालीत." मी काल सुट्टी घेऊन त्याची खाट उन्हात टाकली, ढेकूण झाडले आणि त्याच्या आईची चादर काढून धुतली.

वाट पाहतो.

तुमचा,
जमादार

११ नोव्हेंबर, शुक्रवार

मास्तर,

कागद आला. सुटकेचाच असणार म्हणून मी जेलरसाहेबांच्या टेबलापुढे उभा राहिलो. त्यांनी मोठ्याने वाचला. माननीय मंत्रीमहोदयांच्या निदर्शनास आल्यानुसार स्मारकाची कोठडी चुकलेली आहे, तरी पाटी तिसऱ्या कोठडीवर हलवावी व तेथील कैद्यास अन्यत्र ठेवावे.

अन्यत्र म्हणजे सातवी. एव्हाना तेवढीच रिकामी उरली होती.

मीच हलवला. पाळी माझी होती. त्याने पांघरूण काखेत घेतलं आणि म्हणाला, "चला, शिपाई." चार दारं ओलांडताना दोनदा थांबला. सातवीत पाटीच्या खिळ्यांची भोकं आहेत, त्यांतून पाणी पाझरतं.

भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली आहे. मास्तर, हात जोडून सांगतो, हुकूम फिरवा. तार करा. पाटी काढा असं म्हणत नाही. पाटी राहू दे, पोरगाही राहू दे. तिसरी कोठडी तुम्हा दोघांना पुरेल.

जमादार

६ मार्च, मंगळवार

मास्तर,

आज निवडणूक झाली. दुपारी उशिरा बाहेर पडलो तर शाळेच्या मैदानाला वळसा घालून रांग होती. धुणीवाल्या बायका, गोदीतले हमाल, आमचा कारकून, सगळे एकामागे एक. कारकून मला पुढे घ्यायला निघाला होता, मागच्या म्हातारीने त्याला मागे ढकलला. बरं वाटलं.

पोरगा जानेवारीत गेला. तुम्हाला कळवलं नाही. आधीच्या पत्रांचं काय झालं हे ठाऊक नव्हतं, आणि हे पत्र तसंच कुठेतरी पडून राहिलेलं मला सोसलं नसतं.

सातवीत गेल्यावर तो उतरतच गेला. मी दुपारी माझा कोट त्याच्यावर घालायचो आणि हजेरीआधी काढून घ्यायचो. शेवटी जेलरसाहेबांना सरळ सांगितलं, हा माझा मुलगा आहे, बदली करा नाहीतर नोकरीवरून काढा, पण याला दवाखान्यात न्या. ते वाईट माणूस नाहीत. मला स्वतःच्या खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि परवानगीसाठी वर लिहिलं. परवानगी आली तेव्हा तो बोलत होता, चालवत नव्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टरने छाती तपासली आणि मला विचारलं, इतके दिवस कुठे ठेवला होता याला?

दवाखान्यात त्याला खिडकीशी खाट मिळाली. मी शेजारी बसायचो. तिथे तो मला सगळ्यांसमोर बाबा म्हणायचा. निवडणुकीची तारीख जाहीर झाल्याचं मी त्याला पेपरातून वाचून दाखवलं. त्याने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं. त्याने कधी मला वाचताना ऐकलं नव्हतं.

"यादीत नाव घातलंत ना?"

"घातलं."

"मग जा बरं का. रागावून घरी बसू नका. मला तर काही करता येणार नाही, तुम्ही तरी करा."

म्हणून गेलो, मास्तर. तुमच्यासाठी गेलो नाही. टेबलावरच्या माणसाने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे सरकवली. मी म्हटलं, पेन द्या. सही केली. वाकडी आली, पण वाचता येते.

मत कुणाला दिलं ते सांगणार नाही. ते गुप्त असतं, तुम्हीच नियम केलाय. नियम चांगला आहे.

त्या दिवशी मोटारीपाशी तुम्ही सचिवांना काय सांगितलंत, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं तुम्ही दोन्ही सांगितलं असेल. म्हणाला असाल, त्या पोराचं बघा, आणि हो, कोठडीही चुकली आहे. मग ते या टेबलावरून त्या टेबलावर उतरत आलं. पोराचं बघायला कुणीतरी ठरवावं लागतं, जबाबदारी घ्यावी लागते. पाटीला काय, चार खिळे. तेवढंच आमच्यापर्यंत पोचलं. असं झालं असेल असं मी धरून चालतो. दुसरं काही असेल तर कृपा करून मला सांगू नका.

पण माझ्या मनातून एक गोष्ट जात नाही. सातवी म्हणालो होतो, ते निभत होतं. तुम्ही विचारलंत आणि माझ्याने तुमच्याशी खोटं बोलवलं नाही. हात दाखवून अवलक्षण. जेलरसाहेबांशी खोटं बोललो आणि तुमच्याशी खरं, आणि त्या खऱ्यानेच त्याचं ऊन गेलं.

आता जेलरसाहेबांनी मला हलकं काम दिलंय. तिसऱ्या कोठडीवर बसायचं आणि शाळेची मुलं आली की दाखवायचं. स्टूल दिलंय. सकाळचं ऊन थेट पाठीवर येतं. मी त्यांना पाटी वाचायला लावतो, मग पेल्यात बोट बुडवून फरशीवर अक्षर काढतो आणि ते कसं वाळतं ते दाखवतो. ती मुलं उकिडवी बसून बघतात. कुणी नसलं की मी पोराचं नाव काढतो, आणि वाळायला लागलं की वीतभर सावलीत सरकून पुन्हा काढतो.

काल एका मुलीने विचारलं, "आजोबा, ते मंत्री झाल्यावर तुम्हाला पुन्हा भेटले का?"

म्हटलं, "हो, एकदा भेटले. माझी कोठडी कुठली असं विचारलं, आणि मी सांगितली."

तुमचा,
शिपाई